रामाकोन्याच्या निंबात देवी नाही, ताई

सौसर,
रविवार, २० एप्रिल

तीर्थस्वरूप सौ. देवकाताईंच्या पायांवर धाकट्या गजाननचा डोकं टेकून नमस्कार. (डोकं टेकलेलंच आहे, पत्र संपेपर्यंत वर करणार नाही.) इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. यशवंतराव भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मागे सांगितलेला एरंडाचा पाला त्यांनी बांधला का, की अजून कपाटावर वाळतो आहे? तुमच्या अभिजीतच्या घराचा स्लॅब चांगला झाला असं ऐकलं, फार आनंद झाला. पाणी मारायला कंजूषी करू नका म्हणावं. तुमची स्वतःची तब्येत, झोप, बीपी सगळं ठीक असेल अशी आशा आहे. बीपीची गोळी घेऊन झाली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढचं वाचा. समोरासमोर मी तुम्हाला तू म्हणतो आणि पत्रात तुम्ही, यावरून लगेच काही समजू नका. बाबांची सायकल विहिरीत गेली होती तेव्हाही मी तुमच्याशी दोन दिवस अहो-जाहोने बोललो होतो, हे तुम्ही विसरला नसालच, म्हणून आधीच सांगून टाकतो की या वेळी विहिरीत काही गेलेलं नाही.

फोन केला असता. पण फोनवर तुम्ही 'बोल' म्हणता आणि मी बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला 'समजलं' म्हणून ठेवून देता. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर तुमचं ते 'समजलं' थेट कलेक्टर कचेरीतून आल्यासारखं वाटतं आणि आम्हा सौसरच्या माणसांची पुढे काही विचारायची हिंमत होत नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे ते तीन वाक्यांत मावणारं नाही. मी काल संध्याकाळपासून मनातल्या मनात तीन वाक्यं जुळवून पाहिली, प्रत्येक वेळी तिसऱ्या वाक्यात तुम्ही रागावता. म्हणून पत्र.

काल अभिजीतचा फोन आला. अनिल मिस्त्रीने पांढुर्ण्यात येऊन सांगितलं म्हणे की रामाकोन्याच्या आपल्या वावरातल्या बांधावरच्या निंबात मरीमाय प्रकट झाली आहे, आणि ते ऐकून तुम्ही मंगळवारी हिरवं लुगडं, खण आणि नारळ घेऊन ओटी भरायला निघणार आहात. ताई, लुगडं घेतलं असेल तर राहू द्या, नेसायला होईल. पण निंबात देवी नाही. ढोलीत कोणी बसलेलं आहे एवढं खरं आहे, ती बाईमाणूसच आहे हेही एका अर्थी खरं आहे, पण ती धनेश पक्ष्याची मादी आहे. शेंदूर मी लावला. डोळे पण मीच काढले. (डावा जरा तिरळा आला, उन्हात रंग लवकर ओघळतो.) आता हे सगळं ऐकून तुम्ही उठून उभ्या राहिल्या असाल तर बसा. मुळापासून सांगतो.

मुळात तो निंब तुमचा आहे, याबद्दल माझ्या मनात कधीही दुसरा विचार आलेला नाही. बाबा गेल्यावर तहसीलच्या व्हरांड्यात हक्कसोडीच्या कागदावर तुम्ही सही केली, तेव्हा बाबू पुन्हा पुन्हा विचारत होता की बाई, विचार करून सही करा, साडेचार एकर आहे, संत्र्याचा बगीचा आहे. तुम्ही त्याला म्हणालात, "मले वावर नाई पाह्यजे. धुऱ्यावरचा निंब तेवढा माहा. घर बांधीन तवा त्याचे दारं करीन." आणि कागद माझ्याकडे सरकवला. बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत तुम्ही त्या निंबाची दातवणाची काडीसुद्धा नेली नाही. आणि मागच्या दिवाळीत पहिल्यांदा म्हणालात की गजू, आता अभिजीतचं घर होते, निंब पाडून ठेव, अक्षय तृतीयेला लाकडाची पूजा करू, पावसाळाभर फळ्या सावलीत वाळतील आणि पुढच्या दिवाळीला घराला दार लागेल. यात चूक काढायला जागा कुठे आहे? मीही हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

नुसतं हो म्हणून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी माघातच जाऊन, लाकडाच्या टालवाल्यांची रीत असते त्याप्रमाणे, हातभर साल तासून निंबावर तांबड्या रंगात '१' घातला. तुम्हाला माहीत आहे की आपल्याकडचे लाकूडतोडे नंबर नसलेल्या झाडाला हात लावत नाहीत आणि नंबर असलेलं झाड कोणाच्या बापाचं ऐकून सोडत नाहीत. रंग अर्थातच माझ्या दुकानातला, ऑइल पेंट, ज्याच्याबद्दल मी प्रत्येक गिऱ्हाइकाला शपथेवर सांगतो की दहा पावसाळे निघणार नाही. (टर्पेंटाइनने घासून पाहिला, सँडपेपरने घासून पाहिला, कुऱ्हाडीच्या पात्याने खरवडून पाहिला. शपथ खरी होती. मला स्वतःच्या मालाचा एवढा राग कधी आला नव्हता.)

त्यानंतर मार्चमध्ये माझी शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं. सौसरमध्ये चालायला निघालं की दर दहा पावलांवर कोणीतरी डिस्टेंपरचा भाव विचारतो, म्हणून मी रोज सकाळी स्कूटरने रामाकोन्याला वावरात जातो आणि तिथे बगीच्याभोवती चालतो. (सुधा म्हणते, चालायसाठी गाडीवर जानारा मानूस पयल्यांदा पाह्यला.) मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस निंबाखाली बसलो होतो तर वर टकटक ऐकू आली. पाहतो तर करड्या रंगाचा, बाकदार मोठ्या चोचीचा एक पक्षी, झाडाच्या खोडाला चोच लावून उभा. खोडाला चोच लावायचा, मान हलवायचा, घशातून एक उंबर वर काढायचा आणि झाडाला द्यायचा. मग दुसरं उंबर. मग तिसरं. गळ्यात साठवलेलं एकेक काढून देत होता, आत्या जत्रेहून आल्यावर कनवटीचे फुटाणे एकेक करून काढायची, अगदी तसं. मला वाटलं, पक्ष्यांमध्येही डोक्यावर परिणाम झालेले असतात. झाडाला कोणी जेवू घालतं का?

दुसऱ्या दिवशी रामाकोन्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या धनश्रीबाईंना विचारलं. त्या मुलांना घेऊन पक्षी, झाडं, फुलपाखरं मोजत हिंडतात, गावात त्यांना मोजणीवाली बाई म्हणतात. त्यांनी येऊन पाहिलं आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. म्हणाल्या, आत त्याची बायको आहे. अंडी घालायच्या वेळी धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने आणि स्वतःच्या विष्ठेने दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. मग आत तिची पिसं गळतात, ती उडूच शकत नाही. अडीच-तीन महिने ती आणि पिल्लं त्या एका फटीतून नर जे देईल त्यावर जगतात. नराला काही झालं, किंवा तो घाबरून यायचा बंद झाला, तर आतली सगळी संपली. मी विचारलं, आणि झाड पाडलं तर? मग त्यांची नजर खाली '१' वर गेली.

त्या दिवसापासून, ताई, माझ्या जिवाला चैन नाही. मी काही पक्षीवेडा माणूस नाही, तुम्ही मला ओळखता. पोपटांनी संत्री फोडली की मीच थाळी वाजवत धावतो. पण हा रोज साडेसहाला येतो, ताई. साडेसहा म्हणजे साडेसहा. मग दर पाऊण तासाने. सात मिनिटं उशीर झाला तर मी धुऱ्यावर उभा राहून आभाळ पाहतो. दुकानात बसलो तरी मन तिकडे असतं. परवा एका गिऱ्हाइकाने आकाशी मागितला आणि मी त्याला करडा दिला. मला वाटत राहतं की तारेवर बसला असेल आणि शॉक लागला असेल, कोणाच्या फवारलेल्या कपाशीतला किडा खाल्ला असेल, कोणी गोटा मारला असेल. सुधाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माह्या बाळंतपनात तुमी एक डाव बी टायमावर डबा नाई आनला."

आता सरळ माणसाने काय केलं असतं? तुम्हाला फोन करून सांगितलं असतं. मी दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, निंबाचं काय झालं? मी म्हटलं, काही नाही, फुलोरा फार आला आहे. दुसऱ्यांदा तुम्ही काही विचारायच्या आत मीच भाऊजींच्या गुडघ्याबद्दल विचारून ठेवून दिला. तुम्ही आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती मी एका पाखरासाठी अडवतो आहे, हे तोंडातून निघेना. मग माझ्या डोक्यात एक युक्ती आली. तुम्हीच नेहमी म्हणता की गजूच्या डोक्यात युक्ती आली की घरातली भांडी आधी उचलून ठेवावी.

युक्ती अशी होती की नंबर पुसता येत नाही, तर लपवावा. एकाच्या आधी चार घातला, निंबाचा नंबर झाला ४१. पण ४१ आहे म्हणजे बाकीचे चाळीस कुठे, असं कोणीही विचारेल. म्हणून धुऱ्यावरच्या सगळ्या झाडांवर नंबर घातले. तरी पंचवीसच झाले, म्हणून पांदणीच्या गाडीवाटेने दोन्ही बाजूंनी पुढे गेलो. हात चालू होता, रंग चांगला बसत होता, चौसष्टला डबा संपला तेव्हा थांबलो. (बेहडा, मोह, पळस, चारोळी, एक झाड कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही. पन्नास वर्षं त्या पांदणीने गेलो आणि धावडा म्हणजे कोणता ते मला नंबर घालताना कळलं, हे सांगायला लाज वाटते.) कोणी विचारलं तर सांगायचं की धनश्रीबाईंची वृक्षगणना आहे. आणि खरा '१' घातला तो नाल्याकाठच्या वाळलेल्या बाभळीवर, म्हणजे लाकूडतोडे येतील, बाभूळ पाडतील आणि जातील. बाभळीचं दार तुम्हाला चाललं असतं का, याचा विचार मी पुढच्या पायरीसाठी ठेवला होता.

रामाकोन्यात झाडावर तांबडा नंबर दिसला की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, एक तर झाड विकलं गेलं, नाही तर रोड येतो आहे. चौसष्ट झाडं एकदम कोणी विकत नाही, तेव्हा रोडच ठरला, आणि रोड आला की झाडामागे सरकारी मोबदला. दुपारपर्यंत तो दोनपदरी होता, संध्याकाळी चारपदरी झाला. आपल्या शेजारच्या वावरातला राजू माझ्यावर चिडून आला. मला वाटलं त्याच्या धुऱ्यावरच्या मोहावर नंबर घातला म्हणून चिडला. तर तो म्हणाला, "काका, तुमच्या संत्र्याच्या कडेनं नंबर टाकले अन् माहा बगीचा काहून सोडला? मुआवजा तुमाले एकट्यालेच पाह्यजे का?" मी त्याला वृक्षगणना समजावून सांगितली. तो हो हो म्हणाला आणि घरी जाऊन त्याने स्वतःच्या एकशे ऐंशी संत्र्यांवर गेरूने नंबर घातले, माझ्या चौसष्टच्या पुढून मोजत. आणखी तिघांनी घातले. तर त्याच वेळी पलीकडच्या बाजूच्या लोकांनी, ज्यांना रोड नको आहे, त्यांनी नंबरची झाडं नाहीशी करायला कुऱ्हाडी काढल्या. त्यांना आवरता आवरता माझा घसा बसला. म्हणजे एक झाड वाचवायला निघालो आणि सगळ्या पांदणीच्या मुळावर उठलो. धनश्रीबाई माझ्याशी चार दिवस बोलत नव्हत्या.

गुरुवारी तुम्ही पाठवलेला अनिल मिस्त्री दोन आरेवाले आणि झाड कापायचं मशीन घेऊन आला. मी मोठ्या आदराने त्याला बाभळीपाशी नेलं आणि '१' दाखवला. त्याने बाभळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला माहीत आहे, तो तुमच्या लग्नातले पाट करणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा आहे, लाकूड वासावरून ओळखतो. म्हणाला, "दादा, देवकाबाईनं निंब सांगतला. निंब मले मालूम हाये." आणि सरळ निंबाकडे चालायला लागला. त्या क्षणी मला काही सुचलं नाही, आणि काही सुचलं नाही की माझ्या तोंडून जे निघतं ते निघालं. मी म्हटलं, त्याला हात लावू नको, त्यात मरीमाय आहे. तो म्हणाला, कधीपासून? मी म्हटलं, तुम्ही आधी स्टँडवर चहा पिऊन या, मग सांगतो. ते गेले. स्कूटरच्या डिकीत गिऱ्हाइकाला द्यायचा शेंदूर आणि अळशीचं तेल होतं. पंधरा मिनिटांत मी देवी तयार केली. ते परत आले, मिस्त्रीने पुढे होऊन बोट लावलं, बोट लाल झालं. त्याने बोट नाकाशी नेलं. मग म्हणाला, "देवी ओली हाये अजून." आणि हात जोडून, मशीन गाडीत टाकून निघून गेला. त्याचा विश्वास बसला की त्याला माझी दया आली, हे मी विचारलं नाही.

मला वाटलं सुटलो. पण लपवलेलं झाड कोणाला दिसत नाही आणि देवी सगळ्यांना दिसते, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. शनिवारी, म्हणजे काल, मी सकाळी पोचलो तर निंबाखाली तीस-चाळीस बाया. नारळ फुटत होते, उदबत्त्यांचे पुडेच्या पुडे पेटले होते, आणि मधोमध घमेल्यात गोवऱ्या आणि धूप. वारा नव्हता. धूर खोडाला धरून सरळ वर जात होता, आणि ढोली, ताई, तिथून फार तर दोन पुरुष वर आहे. फट धुरात दिसेनाशी झाली होती. नर आला होता. नाल्याच्या उंबरावर चोचीत फळ धरून बसला होता. माणसं पाहिली, धूर पाहिला, दोनदा निंबाकडे यायला निघाला आणि मागे फिरला, मग उडून गेला. आठला आला नाही. नऊला नाही. मी मोजत होतो. मी लोकांना म्हणालो, देवीला आता आराम करू द्या. ते म्हणाले, काका, तुम्ही जेवून या, आम्ही आहोत. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. ती आत उपाशी होती, गुदमरत होती, आणि तिला तिथे कोंडून तिच्या दाराशी धूर करणारा माणूस मी होतो. ही सगळी भक्ती माझ्या डिकीतून निघाली होती.

तीन वाजता माझ्याने राहवलं नाही. मी पाण्याची बादली उचलली आणि घमेल्यावर ओतली. राजू म्हणाला, "काका, देवीचा धूप इझोला तुमी." मी म्हटलं, देवी नाही. शेंदूर मी लावला, डोळे मी काढले, नंबर मी घातले, रोड नाही, मुआवजा नाही, माझ्या बहिणीला दिलेल्या शब्दापासून पळायला मी हे सगळं केलं. मला वाटलं आता मार पडणार.

तेव्हा मीनाबाई पुढे आली. आपल्या वावरात बाबांपासून निंदणाला येते ती, तुमच्याबरोबर नाल्यात खेकडे धरायची ती मीना. तिने विचारलं, मग आत कोण आहे? मी सांगितलं. दार लिंपलेलं आहे, पिसं गळालेली आहेत, अंड्यांवर बसलेली आहे, नवरा बाहेरून घास देतो, आज सकाळपासून त्याला येता आलेलं नाही. मीनाबाईने कपाळावर हात मारला. म्हणाली, "मंग हे आधी काहून नाई सांगतलं, गजूभाऊ? बाळंतीन हाये म्हनाचं न. देवीच्या दारी कोनी बी येते. बाळंतिनीच्या दारी कोनी धूर करते का? कोनी गर्दी करते का?"

आणि ताई, पाच मिनिटांत झाड मोकळं झालं. कोणी वाद घातला नाही, कोणी मला शिवी दिली नाही. (एकदोघांनी दिली, ती हळू आवाजात दिली, बाळंतीण असल्यामुळे.) बायांनीच उदबत्त्या मातीत खुपसल्या, राख उचलली, राजूने बोराटीच्या काट्या आणून खोडाभोवती कुंपण केलं. मीनाबाईने सगळ्यांना ताकीद दिली की जूनपर्यंत या धुऱ्यावर कोणी हाक मारायची नाही, थाळी वाजवायची नाही. मी महिनाभर चौसष्ट नंबर आणि एक देवी करून जे साधलं नाही ते एका खऱ्या वाक्याने झालं. साडेपाचला नर आला. आधी उंबरावर बसला, मग निंबावर, मग खोडाशी. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्याने तिला अकरा उंबरं दिली, मी मोजली. मी संत्र्याआड बसून रडलो, हे फक्त तुम्हाला सांगतो.

तर असं आहे. देवी नाही म्हणून मंगळवारचा त्रास घेऊ नये, एवढंच कळवण्यासाठी हे पत्र. बाकी काही विशेष नाही. भाऊजींना नमस्कार, अभिजीतला आशीर्वाद, सुधाचा तुम्हाला नमस्कार. (ती आज कोणाशी बोलत नाही, पण नमस्कार सांगितला असं समजावं.)

तुमचा धाकटा,
गजानन

ता. क. विशेष नाही असं वर लिहिलं, पण एक आहे. निंब अक्षय तृतीयेला पाडता येणार नाही. जूनअखेर पिल्लं उडतील, तोवर थांबावं, ही विनंती. फळ्या वाळायला उशीर होईल आणि दिवाळी हुकेल, याची मला पूर्ण जाणीव आहे.

ता. क. दुसरा. जूनअखेर हेही पुरतं खरं नाही. धनश्रीबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हे जोडपं दरवर्षी त्याच ढोलीत येतं. पत्र लिहायला बसलो तेव्हा मला हे माहीत होतं. जून लिहिलं कारण त्यापुढचं लिहायला हात धजला नाही. मी दोन महिने मागत नाही, ताई, मी झाडच मागतो आहे. तू वावर दिलंस तेव्हा मी एका शब्दाने नको म्हटलं नाही, गुपचूप घेतलं. आणि तू जे एक ठेवलं होतंस, तेही आता मागतो. मला माझीच लाज वाटते, पण मागतो.

ता. क. तिसरा. ज्या टेम्पोतून हे पत्र येत आहे त्यात चादरीत गुंडाळून आपल्या घराचं पुढचं दार आहे, चौकटीसकट. बाबांनी रामाकोन्याहून सौसरला आणलं होतं तेच, सागवानी, पितळी कडीचं. तू सासरी गेलीस ती याच दारातून. अनिल मिस्त्रीने आज सकाळी काढून दिलं, एकही टवका उडू दिला नाही. अक्षय तृतीयेला याची पूजा कर. हे परत घेणार नाही. अभिजीतच्या भिंतीतली जागा तीन फुटांची आहे आणि दार साडेतीन फुटांचं, तेवढी भिंत त्याला फोडावी लागेल, त्याला हे तूच सांग. इकडे भिंतीला मोठं भगदाड पडलं आहे, तिथे दुकानाचा फ्लेक्स बांधला आहे, त्यामुळे सकाळपासून तीन जण घरातच प्रायमर मागायला आले. सुधा का बोलत नाही ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

ता. क. शेवटचा. झाड तुझंच आहे. नाही म्हणालीस तरी मी एक अक्षर बोलणार नाही, मिस्त्रीला स्वतः बोलावून आणीन. फक्त नाही म्हणायला मंगळवारी तू ये, ओटी नको, रिकाम्या हाताने ये. सोमवारीच सौसरला मुक्कामाला ये, मी तुला पहाटे स्कूटरवर नेतो. साडेसहाला तो पहिला घास घेऊन येतो. तो देऊन जाईपर्यंत दहा मिनिटं माझ्याबरोबर गप्प बस, आणि मग जे म्हणायचं ते म्हण. सोमवारी कितीही उशिरा पोचलीस तरी बाहेर उभं राहून हाका मारू नको, सरळ आत ये. दार तुझ्याकडेच आहे.